पुण्याहून आणलेली हरळी

आमची वसाहत म्हणजे बँक कर्मचाऱ्यांची सहकारी गृहनिर्माण संस्था. एका चांगल्या पावसाच्या वर्षी संस्थेच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला की प्रत्येक सभासदाने घरापुढे लॉन राखावं, म्हणजे वसाहतीला शोभा येईल. ठराव अर्थातच सर्वानुमते मंजूर झाला. सहकारात विरोध करायचा तर उभं राहून बोलावं लागतं, आणि तोवर भजी थंड होतात. बीड जिल्ह्यात लॉनला पाणी कुठून आणायचं, हे कुणी विचारलं नाही. त्या वर्षी बोअरला पाणी होतं, आणि पाणी असलं की आम्हाला ते जन्मभर पुरणार असं वाटतं.

बाकीच्या सभासदांनी दारात झेंडू लावून ठराव पाळला आणि विसरून गेले. माझ्या नवऱ्याने मात्र तो मनावर घेतला. बँकेच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेलेला माणूस परत आला तो टेम्पोत बसून, मागे ओल्या पोत्यांत गुंडाळलेलं गवत घेऊन. चटया अंथराव्यात तसं त्याने ते दारापुढच्या जागेत अंथरलं आणि मला सांगितलं की याला बर्म्युडा म्हणतात. मी वाकून बघितलं. माझं लहानपण शेतात नांगरामागे हरळीच्या काशा वेचण्यात गेलं आहे. काशा म्हणजे तिची जमिनीखालची गाठीगाठींची मुळं, एक राहिली तरी वर्षात सगळं रान खाणारी. मी म्हटलं, ही हरळी आहे. तो म्हणाला, दिसायला तशी असते, पण ही हायब्रीड आहे. त्याचंही बालपण शेतातच गेलं होतं, पण बँकेच्या पंख्याखाली बसून बसून ते वाळलं असावं.

शेजारच्या काकूंना मात्र शंका नव्हती. दर चतुर्थीला त्या परडी घेऊन यायच्या आणि बर्म्युडातून गणपतीसाठी दूर्वा खुडून न्यायच्या. आमचं घर बौद्ध, आमच्यात गणपती बसत नाही, त्यामुळे आमच्या दारातल्या गवताचा देवाधर्माशी तेवढाच काय तो संबंध. नवरा खिडकीतून बघत राहायचा आणि काकू गेल्या की खुडलेल्या जागेवर हात फिरवून यायचा. माझ्या डोक्यावरून असा हात त्याने कधी फिरवल्याचं मला आठवत नाही.

मग पावसाने पाठ फिरवली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, बोअर आधी खोकायला लागला आणि मग गप्प झाला. वसाहतीत टँकर येऊ लागला. मी शिकवायचे त्या शाळेत पोरींची संख्या निम्म्यावर आली, कारण ऊसतोडीला गेलेले आईबाप परत येऊन गावात करणार काय, तर ते तिकडेच राहिले. आणि आमच्या घरात चर्चा काय, तर लॉन पिवळं पडतंय.

नवऱ्याने नैसर्गिक उपाय वाचून काढले. आम्ही दोघांनी मोठ्या घमेल्यात उभं राहून आंघोळ करायची आणि ते पाणी लॉनला घालायचं. गवताला साबण बाधतो म्हणून साबण बंद. अंगाला हरभऱ्याचं पीठ लावायचं. लॉनच्या मुळांना ताकद यावी म्हणून शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून जीवामृत करायचं. मला साखर वाढेल म्हणून गुळाचा चहा बंद होता. लॉनला साखरेचा त्रास नसल्यामुळे त्याला गूळ चालू होता. पिठल्याला काढून ठेवलेलं बेसन मी एकदा गवतावर शिंपडलेलं बघितलं आणि त्या दिवशी मुद्दाम नुसती चटणी-भाकरी वाढली. 

शेवटी उन्हाळ्यात संस्थेलाही जाग आली. सर्वसाधारण सभेत लॉनला नैसर्गिक पर्याय हा विषय ठेवण्यात आला. एकाने सुचवलं, प्लास्टिकचं लॉन आणावं, आठवड्यातून एकदा फडक्याने पुसलं की झालं. ते नैसर्गिक कसं, असं कुणीतरी विचारल्यावर तो म्हणाला, रंग हिरवाच असतो. दुसऱ्याने कोरफड सुचवली. तिसरा म्हणाला, तेलगावकडून उसाचं पाचट आणून अंथरावं, ओल टिकते. त्यावर चौथा म्हणाला की तिकडे जनावरं तेच खाऊन जगतायत. मग नेहमीप्रमाणे अभ्यास समिती नेमली गेली आणि माझा नवरा तिचा निमंत्रक झाला. समितीची बैठक पुढे कधी झाली नाही, त्यामुळे अभ्यास चालू आहे असं कुणालाही सांगता येत होतं.

त्याच उन्हाळ्यात माझे सासरे आमच्याकडे आले. गाव पाटोद्याजवळ, थोडी कोरडवाहू जमीन, एक विहीर. सासूबाई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहायचे. विहीर आटली तेव्हा तळाशी काही झिरपतंय का ते बघायला ते पायऱ्या उतरले आणि घसरून पडले. भर दुपारी पडलेले, ते शेळ्या घेऊन परतणाऱ्या बाईला दिसेपर्यंत तसेच पडून. मांडीचं हाड वाचलं हे नशीब. नवरा जाऊन त्यांना घेऊन आला, पण येतानाच त्यांनी बजावलं होतं की मिरगाला, म्हणजे पेरणीच्या नक्षत्राला, मी परत जाणार.

त्यांना परत जाऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट मला त्या वर्षी हवी होती. माझे वडील मी लहान असतानाच गेले. सासऱ्यांनी लग्नानंतर मला पुढे शिकू दिलं, नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आले. त्या विहिरीत ते दुसऱ्यांदा पडले आणि शेळ्यावाली बाई त्या दिवशी त्या वाटेने गेली नाही, तर? हा विचार मला भाकरी थापतानाही सोडत नव्हता. पण त्यांना अडवायचं कशाने? बसून खायची त्यांना सवय नव्हती. पहाटे उठून ते व्हरांड्यात बसत आणि आमच्या घरात आपल्याला काय काम आहे ते शोधत. काम सापडत नसे, आणि सापडलं नाही की मिरगाला किती दिवस राहिले ते मोजत.

दरम्यान नवऱ्याची निराळीच अडचण झाली होती. बापाची विहीर आटलेली आणि आपण गवताला पाणी घालतोय, हे बापासमोर करायचं कसं? संध्याकाळी सासरे बसस्टँडजवळच्या कडुलिंबाखाली म्हाताऱ्यांत बसायला गेले की तो चोरासारखी घमेली बाहेर काढायचा आणि ते यायच्या आधी आत घ्यायचा. एकदा त्यांनी लॉनकडे बोट करून विचारलंच.

"दारात हे का म्हून वाढू दिलं?"

पुण्याहून टेम्पोत बसून आलेला, समितीचा निमंत्रक असलेला माझा नवरा म्हणाला, "ते असंच उगवलंय, दादा."

मी आतून ऐकलं आणि हसू दाबायला पदर तोंडात धरला. पुढे काय होणार आहे ते कळतं तर हसले नसते.

पुढच्याच आठवड्यात आष्टीला लग्न होतं. उन्हाचं यायला नको म्हणून सासरे घरीच थांबले. आम्ही पहाटे गेलो, दिवस मावळताना परत आलो. फाटक उघडलं आणि नवरा जागच्या जागी थांबला. दारापुढे गवताची काडी नव्हती. सगळी जागा खणून, भुसभुशीत करून, ढेकळं फोडून, हाताने सारखी केलेली. पेरणीच्या आधीचं रान इतकं स्वच्छ मी फक्त आमच्या माहेरी बघितलं होतं. सासरे पायरीवर बसले होते, बाजूला खुरपं, तळव्यांना फोड आलेले. आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुललेला दिसला.

ते म्हणाले, "लई माजली होती. तुमी दोगं नोकरीचे, तुमच्यानं काय होत न्हाई. काशा बी वेचल्या सगळ्या. तिकडं नाल्याच्या कडंला नेऊन टाकल्या, आता परत यायची न्हाई."

शेजारच्या पोराचा चेंडू लॉनवर पडला तर पोराच्या आईशी भांडणारा हा माणूस आता काय बोलतो म्हणून मी नवऱ्याकडे बघत होते. त्याने हातातली पिशवी पायरीवर ठेवली. मग तो म्हणाला, "बरं झालं, दादा. आमच्याच्यानं होतच नव्हतं." आणि आत जाऊन मोरीत तोंड धूत राहिला. टँकरचं पाणी त्याने इतकं कधी वापरलं नव्हतं.  आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्या दिवशी मला तो फार आवडला.

गोष्ट तिथेच मिटली असती. पण सहकारात काहीही मिटत नाही, त्याचा पाठपुरावा होतो. संस्थेचे अध्यक्ष, निवृत्त शाखाधिकारी, सकाळच्या फेरीला निघाले होते. ते आमच्या फाटकाशी थांबले आणि त्यांनी मोठ्याने विचारलं की साहेब, तुमचं लॉन कुठं गेलं, पुण्याहून एवढं टेम्पोनं आणलेलं, पोरासारखं जपलेलं. नवऱ्याने घाईघाईने सांगितलं की समितीतर्फे प्रयोग चालू आहे, आधी जमीन मोकळी करायची, मग नैसर्गिक पर्याय बघायचे. अध्यक्षांना ते इतकं पटलं की पुढच्या सभेत अहवाल मांडा म्हणाले आणि पुढे गेले. पण व्हरांड्यात बसलेल्या सासऱ्यांनी सगळं ऐकलं होतं. अहवाल त्यांना नको होता, त्यांना टेम्पो कळला होता.

त्या रात्री ते अर्धीच भाकरी जेवले. नवऱ्याला एका शब्दाने काही विचारलं नाही. मला तेवढं म्हणाले की मिरगापर्यंत कशाला थांबायचं, उद्याच जातो. मी काय काय सांगितलं ते आता आठवत नाही. गवतच होतं, मेलं तर मेलं, असंच काहीतरी. त्यांनी मान हलवली. समजूत पटलेल्या माणसाची मान तशी हलत नाही.

सकाळी उठून बघते तर त्यांची खाट रिकामी. नवरा बनियनवरच स्कूटर काढून बसस्टँडकडे पळाला. मी फाटक धरून उभी राहिले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. त्यांचा, नवऱ्याचा, पुण्याच्या नर्सरीवाल्याचा, ज्या सभेत भजी खाऊन तो ठराव झाला त्या सगळ्या सभेचा. तेवढ्यात मागच्या गल्लीतून सासरे येताना दिसले. खांद्यावर ओलं पोतं, धोतर चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेलं. नाल्यात वसाहतीचं सांडपाणी जातं, तिथे टाकलेल्या काशा त्यांनी पुन्हा वेचून आणल्या होत्या. आमच्या सांडपाण्यावर त्या तिथे मस्त तग धरून होत्या.

पोतं उतरवून ते उकिडवे बसले, बोटाने जमिनीला भोक पाडलं, एक काशी त्यात आडवी दाबली आणि माझ्याकडे बघितलं.

"जल्मभर उपटली हिला, बाई. लावत्यात कशी, ते काय ठाव न्हाई."

मी म्हटलं, "मामा, राहू द्या ना. कशाला?"

"नुकसान करून कसं जावं?"

नवरा परत आला तो फाटकातच स्कूटर सोडून. बापाला त्या मातीत बसलेलं बघून तो शेजारी बसला. "दादा, तुमची विहीर आटली आन् मी गवताला पाणी घालत होतो. सांगायची लाज वाटली," म्हणाला. सासऱ्यांनी त्याच्या हातात एक मूठ काशा दिल्या. "इहीर काय तुज्यामुळं आटली न्हाई," ते म्हणाले. "जरा आत दाब. वर राहिली तर वाळंल."

मग त्या दोघांनी, ज्यांच्या सात पिढ्या हरळीशी लढल्या, दुष्काळाच्या ऐन उन्हाळ्यात हरळीची लागवड केली. मी घमेलं आणून दिलं. आता पाणी चोरून घालायचं कारण उरलं नव्हतं. सासरे स्वतः माझ्या आंघोळीची वाट बघत बसायचे आणि उशीर झाला तर खोकायचे. जीवामृत त्यांनी बंद केलं, बेसन पिठल्यात परत आलं. मृग आला आणि कोरडाच गेला. जाण्याचं त्यांनी नाव काढलं नाही, विचारलं तर म्हणायचे की ही धरस्तोवर मला हलता येत न्हाई. पाऊस लांबला म्हणून सगळा तालुका हवालदिल होता. मीही होते, पण सकाळी त्यांना दारात वाकलेलं बघितलं की मन जरा निवायचं, हेही खरं आहे.

पाऊस उशिरा आला आणि चांगला आला. हरळीला तेवढंच पाहिजे होतं. बघता बघता ती दारापुढची जागा ओलांडून पायरीशी आली, काकूंच्या कुंपणाखालून गेली, अध्यक्षांच्या गुलाबांत शिरली. नवऱ्याने अहवालात नैसर्गिक पर्याय यशस्वी झाल्याचं लिहिलं आणि तो सर्वानुमते मंजूर झाला. मी मात्र धास्तावले होते. पाऊस झाला, गवत धरलं, आता कुठलं कारण उरलं? सासरे व्हरांड्यात उभे राहून त्या हिरव्या पसाऱ्याकडे बघत होते. शेतकऱ्याच्या कपाळावर हरळी बघून जी आठी पडते ती त्यांच्या कपाळावर होती.

"पाटोद्याची जमीन दुसऱ्या कुनाला बटईनं कसायला देऊन टाकतो," ते म्हणाले. "हिला आवराया हितं रोज मानूस लागंल."