बेण्याची माळ

सावलीजवळच्या ज्या गावात मी लग्न होऊन आले, तिथे घरोघरी रेशमाचा कोसा पिकवत. ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या, कावळ्यांपासून राखायच्या आणि तयार झालेले कोसे विकायचे. त्यातले टपोरे तेवढे माळेत ओवून आढ्याला टांगून ठेवत. ते बेणं. पावसाळ्याच्या तोंडावर त्यातून पतंग निघत, अंडी घालत आणि पुढचं पीक सुरू होई. महिन्याच्या चार दिवसांत बाईने त्या माळेखालून जायचं नसे. मी मागच्या दाराने फिरे आणि मनातून त्या माळेवर चरफडे.

माझ्या पहिल्याच वर्षी भाव असा चढला की व्यापारी आढ्याकडे बघू लागला. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आधी तोंड फिरवलं. मग शेजाऱ्याच्या माळा गेलेल्या पाहिल्या आणि आमचीही उतरवली. बेणं काय, दुसऱ्या गावातून आणू म्हणाले. पावसाळा जवळ आल्यावर ते गावोगाव फिरले. प्रत्येक गावाने हाच विचार केला होता. ऐन हिरवेगार उभे आणि आम्ही रिकामे.

हे माजरीला कोळशाच्या खाणीत गेले. मी पोटुशी होते. दिवाळीला हे घरी आले तर खोकताना काळं पडत होतं. मी चुलीपाशी बसून रडले. सासूबाई मामाजींना उठता-बसता टोचून बोलत.

पुढे कुणीतरी नदीपलीकडून बेणं आणलं. हे परत आले. सगळ्यांनी झाडं गच्च भरली आणि मालाला कुणी विचारेना. कित्येकांनी कोशाचा नाद सोडला. त्यामुळे माल कमी झाला, आणि भाव पुन्हा चढला.

व्यापारी पुन्हा ओट्यावर येऊन बसला. या वेळी मामाजी नाहीच म्हणाले. मला हायसं वाटलं. तेवढ्यात सासूबाईच खाट ओढून वर चढल्या. मी आडवी आले.

"यायले पुन्हा खाणीत धाडता का?"

त्या चिडल्या नाहीत. गेल्या पावसाळ्यात माझा मुलगा गळक्या छपराखाली तापाने फणफणला होता. त्या छपराकडे त्यांनी नुसतं पाहिलं.

"सगळेच थोडी इकून राह्यले," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या गावात असनच ना बेणं."

लोक याला हाव म्हणतात. म्हणोत बापडे. त्या घडीला मला त्यांचं अगदी पटलं. दुसऱ्या गावातही एखादी सासू अशीच खाटेवर चढली असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी हात वर करून माळ खाली घेतली.

त्या पावसाळ्यात घरावर नवी कौलं होती. मुलगा कोरड्यात निजे आणि बाबा कधी येतील म्हणून विचारी. हे माजरीला होते.