लिफाफ्यावरची दोन नावे

नामदेवराव गेले, हे खरे. काल ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर त्यांच्याविषयी जे लिहिले गेले, ते मात्र खरे नाही.

त्यांच्या जावयांनी लिहिले, "रशियाच्या लिफाफ्यावर दोन नावे घालण्याची युक्ती बडे बाबूंची."

बडे बाबू म्हणजे मी, सेक्शनचा हेडक्लार्क. युक्ती माझी नव्हती. मी विरोध केला होता.

नामदेवराव आमचे टायपिस्ट. निकोलाय नावाचे रशियन इंजिनिअर मध्य प्रदेशातल्या आमच्या प्लान्टमध्ये असताना दोघांची मैत्री जमली. ते मायदेशी परतल्यावर नामदेवराव दर नववर्षाला त्यांना पत्र पाठवीत.

एका डिसेंबरात लिफाफा टाइप झाला आणि पेपरात बातमी आली : सोव्हिएत संघ संपला.

देशाचे नाव बदलले. नेत्यांच्या पदव्याही बदलल्या.

नामदेवरावांनी जुन्या नावावर एक बारीक रेघ मारली आणि खाली नवे नाव टाइप केले. वर 'कॉम्रेड निकोलाय' तसेच.

"खाडाखोड चालणार नाही," मी म्हणालो. "नवा लिफाफा घ्या."

"बडे बाबू, तिकडच्या पोस्टमनले नवं नाव नाई समजलं तं? दोन्ही राहू द्या. एक तरी वाचता येईन त्याले."

"आणि कॉम्रेड? ते संबोधन आता रद्द झाले."

"ते काय सरकारनं देल्लं होतं? मीच म्हणून राहिलो त्याले इतके वर्षं."

यावर माझ्याजवळ नियम नव्हता. लिफाफा गेला.

दोन महिने उत्तर नाही. डाक आली की नामदेवराव खुर्चीतून उठत आणि परत बसत. माझ्या मनात 'खाडाखोड' हाच शब्द होता.

मग उत्तर आले.

पुढे आपलेच राज्य बदलले. त्यानंतरच्या जानेवारीत निकोलाय यांचा लिफाफा आला. 'मध्य प्रदेश'वर एक बारीक रेघ, खाली 'छत्तीसगड'. वर 'कॉम्रेड नामदेव'.

नामदेवरावांनी तो माझ्या टेबलावर ठेवला.

"तपासा, बडे बाबू. काई चुकलं काय?"

काहीही चुकले नव्हते.

जावयांनी पुढील नोंदी दुरुस्त कराव्यात :

सोव्हिएत संघ संपला : २६ डिसेंबर १९९१. १९९० नव्हे.

छत्तीसगड झाले : १ नोव्हेंबर २०००. दोन नावांचे पहिले पत्र गेले, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो.

उत्तर आले : होळीच्या आदल्या दिवशी. दिवाळीत नव्हे.

नामदेवराव गेले : मंगळवारी पहाटे. सोमवारी नव्हे. सोमवारी संध्याकाळी आम्ही फोनवर बोललो होतो.

कॉम्रेड नामदेव, शेवटचा नमस्कार.

संबोधन तपासून लिहिले आहे.