आईची सोबतीण

आटपाडीच्या घरात शिरलो तेव्हा आईचा हात त्या बाईंच्या हातात होता. मी कोइमतूरहून दीड दिवसाचा प्रवास करून आलो होतो. तिथं गलाईच्या दुकानात जुनं सोनं वितळवतो. सातवीत शाळा सुटली, तेव्हा गेलो तो तिकडचाच झालो. आईचं दुखणं आता उतरणीला लागणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मेढ्याच्या या बाईंना मीच फोनवरून ठरवलं होतं. जाणाऱ्या माणसापाशी बसायचं, त्याला हवं-नको विचारायचं, हे त्यांचं काम. शहरात त्याला काहीतरी इंग्रजी नाव आहे. आई त्यांना सोबतीण म्हणायची.

उपकारच होते त्यांचे. पण पहिल्याच दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं. मी चमच्यानं पेज भरवायला गेलो, तर आईला ठसका लागला. बाईंनी नुसता ओला कापूस ओठांवरून फिरवला आणि आई लहान पोरीगत हसली. मेंढरांमागं हिंडताना तिला कुठल्या ओढ्याचं पाणी गोड लागायचं, हे महिन्याभराच्या ओळखीच्या बाईला ठाऊक, मला नाही.

तिसऱ्या दिवशी आई माझ्याकडं बघून म्हणाली, "आवं पावणं, जेवून जावा."

"आये, मी हाय. तुझा ल्योक."

"व्हय, व्हय. पर जेवून जावा."

मी अंगणात जाऊन उभा राहिलो. बाई मागून आल्या.

"तुमाला वळकती. मला न्हाई," मी म्हणालो.

"मग पावणं म्हणूनच बसा की. वळख पटवू नगा, दमत्यात त्या."

"पोटचा पोरगा हाय मी!"

"व्हय दादा. पर पोटच्या पोराला समदं सांगता येत न्हाई." एवढं बोलून त्या मुद्दाम चहा ठेवायला गेल्या.

राग आला. तरी उशाशी जाऊन बसलो. परक्यागत विचारलं, "मावशी, पोरं किती तुमाला?"

"एक हाय. लांब असतंय. हात भाजत्यात त्याचं. शाळंत हुशार हुता. मीच काढला. गुरुजी घरला आलं हुतं, ठेवा म्हणून सांगाय. दारातनंच लावलं माघारी. त्याला ठावं न्हाई ह्ये. तुमी बी बोलू नगासा."

"न्हाई बोलत."

बाई चहा घेऊन आल्या. "काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. पाऊसपाण्याचं."

दोन दिवसांनी आई गेली, ती बाईंच्या हातात हात ठेवून. मी पायाशी होतो. तेव्हाही जळलो.

दिवसकार्य झाल्यावर त्यांना एस.टी.त बसवायला गेलो. न राहवून आडून विचारलं, "आई माझ्या शाळंबद्दल कवा काय बोलली का?"

"न्हाई बा. का?"

म्हणजे ते आईनं फक्त पाहुण्यालाच सांगितलं होतं. मी त्यांची पिशवी वर दिली आणि पहिल्यांदा मनापासून हात जोडले.