आजचं भागलं

चष्मा शर्टाच्या टोकानं पुसायचा, दिव्याकडे धरून बघायचा आणि म्हणायचं, “चला, आजचं भागलं!” काकांचा हा कार्यक्रम रोज सकाळी आमच्या कॉफी मशीनपाशी व्हायचा.

नोव्हाय या अमेरिकन गावात गाड्यांचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी. मी इंजिनियर, काका ट्रेझरीत, म्हणजे कंपनीच्या पैशांची सोय बघणाऱ्या खात्यात. कंपनी बाजारातून थोड्या दिवसांसाठी पैसे उचलायची. ‘अमुक दिवसांनी परत करू’ अशा हमीचा कागद विकायचा, मुदत संपली की नवा विकून जुना फेडायचा. आमचे पगार त्यावर चालत. कागद खपला की काका चष्मा पुसायचे. मला आधी वाटायचं, यांच्या काचाच लवकर खराब होतात.

असे एक काका तुमच्याही ओळखीत असतील. घराचं कर्ज असो की बर्फातले टायर, त्यांनी सांगितलं की आम्ही मान डोलवायची.

२००८च्या पानगळीत बँका बुडू लागल्या आणि कागद कुणी घेईना. काका मुकाट्यानं कॉफी घेऊन जायचे. चष्म्यावर बोटांचे ठसे तसेच.

मला दूर दक्षिणेकडच्या शुगर लँड शहरातून नोकरीची ऑफर आली होती. इथली गेली तर व्हिसाही जाणार होता आणि बायकोला सातवा महिना होता. दसऱ्याला काकांकडे जेवायला गेलो, तर श्रीखंड वाढता वाढता काका म्हणाले, “अरे, न्यूज ऐकलीस ना? कंपन्यांचे कागद आता देशाची सेंट्रल बँकच विकत घेणारे! ती ऑफर कॅन्सल कर. कशाला त्या उकाड्यात जातोस?” आणि त्यांनी चष्मा पुसला. मी सोमवारी नकार कळवून टाकला.

बुधवारी काका हातात प्रिंटआउट घेऊन माझ्या डेस्कशी आले. “फक्त टॉप रेटिंगवाल्यांचेच घेणार आहेत. आपण एक पायरी खाली आहोत. मी नुसती हेडलाइन ऐकून बोललो रे. चुकलो.”

“काका, मी नाही म्हणून बसलोय!” मी सगळ्यांदेखत ओरडलो.

त्यांनी शुगर लँडचा नंबर मागितला, माझ्याच फोनवरून लावला आणि इंग्रजीत म्हणाले, “यानं माझ्या सांगण्यावरून नकार दिला. चूक माझी आहे, शिक्षा याला नको.” आपल्या वडिलांच्या वयाचा माणूस आपल्यासाठी असं बोलत असताना कुठे बघायचं, ते मला कळेना.

शुगर लँडची नोकरी मिळाली, आम्ही तिकडे गेलो. डिसेंबरात मुलगी झाली, तेव्हा दवाखान्यातूनच काकांना फोन केला.

“दोघी ठीक?”

“हो, काका.”

पलीकडे चष्मा पुसत असणार. मग म्हणाले, “चला, आजचं भागलं!”

काका आता नाहीत. त्या ओरडण्याची माफी मागायची राहून गेली, ते अजून खुपतं. मुलगी झाल्याचा फोन केला त्याच सकाळी त्यांची नोकरी गेली होती, हे मला महिन्याभरानं दुसऱ्याच कुणाकडून कळलं.