कुऱ्हाडवाल्या बाईचं चित्र

साहेबांनी माझं चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "मॅडम, हिच्या हातात कुऱ्हाड काहून?"

"तिच्यासोबत पुरलेली सापडली म्हणून."

"अहो, पण बाई आहे ना ती!"

मे महिना होता. कुलरचा पंखा खडखडत होता आणि माझं डोकंही. नागपूरच्या आसपासच्या माळांवर जुन्या लोकांनी दगडांची मोठी वर्तुळं रचून ठेवली आहेत. त्यांच्या आत माणसं पुरलेली असतात, सोबत लोखंडी अवजारं, मडकी, मणी. अशा एका जागी निघालेल्या वस्तूंसाठी संग्रहालयात नवं दालन होणार होतं. त्यातल्या एका भिंतीवर त्या लोकांच्या गावाचं बारा फुटांचं चित्र हवं होतं. ते काम माझ्याकडे आलं, आणि साहेब म्हणजे त्या दालनाचे प्रमुख.

काम हातात घेतल्यावर मी आधी हाडं तपासणाऱ्या बाईंकडे गेले. साठीच्या, कोरड्या बोलण्याच्या. त्यांनी कंबरेचं हाड माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "या खाचेत अंगठा घाल." घातला. अंगठा आरामात इकडेतिकडे हलला. मग दुसऱ्या सांगाड्याचं हाड दिलं, त्यात तो घट्ट बसला. "पहिली बाई, दुसरा पुरुष. एवढ्यावरच सांगत नाही मी, बाकीही पाहिलंय." पहिलीच्या शेजारी कुऱ्हाड होती. दुसऱ्याच्या गळ्यात लाल दगडाच्या मण्यांची माळ.

मी तसंच काढलं. पुढे लाकूड फोडणारी बाई, तिच्या मागे माळ घातलेला माणूस, बाजूला माग. मागावर कोण बसायचं, हे मी हाडांच्या बाईंना विचारलं होतं. "माहीत नाही. सूत कातायच्या चातीच्या मातीच्या चकत्या सापडल्या, लाकूड आणि सूत केव्हाच कुजलं. ज्याला बसवायचं त्याला बसव," असं त्या म्हणाल्या. मी बाईला बसवलं.

साहेब म्हणाले, "कुऱ्हाड तिच्या नवऱ्याची असेल. आठवण म्हणून ठेवली असेल सोबत."

"आणि त्याच्या गळ्यातली माळ?"

"व्यापारी असेल. मण्यांचा व्यापार चालायचाच तेव्हा."

"म्हणजे माळ बायकोची आठवण नाही?"

साहेब हसले. माझी चेष्टा समजून हसले, याचा मला जास्त राग आला. जाता जाता म्हणाले, बायांच्या डोक्यावर थोडा पदर द्या, शाळेची मुलं येतील. मी विचारलं, त्या काळी पदर होता याचा पुरावा? ते म्हणाले, नव्हता याचा आहे का?

मागाबद्दल मात्र ते खूष होते. "हे बरोबर. विणकाम बायकांचंच काम."

रविवारी मी उमरेडला गेले. आईबाबा तिथे राहतात. बाबांनी आयुष्यभर खड्ड्याच्या मागावर लुगडी विणली. मी मोबाईलवर चित्र दाखवलं, वाटलं निदान इथे तरी कोणी माझ्या बाजूचं भेटेल. बाबांनी चष्मा लावला, बोटांनी चित्र मोठं केलं.

"मागावर बाई काहून बसवली वं?"

"का? बसत नसेल?"

"मागावर माणूस बसते. बाई सुताच्या कांड्या भरते. विणकराची पोरगी तू, तुले एवढं समजत नाही?"

मी कपाळाला हात लावला. एकाच्या मते विणकाम बायकांचंच, दुसऱ्याच्या मते बायकांचं नाहीच. आणि दोघांनाही तसूभर शंका नाही.

"तुमचा हात मोडला होता तेव्हा माग कोणी चालवला, बाबा?"

मी तेव्हा दहा वर्षांची होते. बाबा सायकलवरून पडले आणि हात प्लास्टरमध्ये गेला. चार महिने आई खड्ड्यात पाय सोडून बसायची, आडव्या धाग्याचा धोटा फेकायची, मधेच उठून भात उतरवायची. एकदा व्यापारी न सांगता माल न्यायला आला. त्याचा आवाज ऐकून आई मागावरून उठली आणि बाबा गळ्यात हात अडकवलेले तसेच तिच्या जागी जाऊन बसले. व्यापाऱ्याने लुगड्याच्या काठावर बोट फिरवलं. "भाऊ, एका हातानं पण काय सफाई हाय गा तुमची!" आईने चहा आणला.

हे सगळं मी त्या दुपारी बोलून दाखवलं. बाबांनी चष्मा काढून मिटला.

"ते अडचणीपुरतं होतं."

आई तुरीची डाळ निवडत होती. तिने काहीतरी म्हणावं म्हणून मी तिच्याकडे पाहिलं.

"जाऊ दे नं वं," ती म्हणाली. "उन्हाची आली, पाणी तरी पी."

परतीच्या बसमध्ये मी तिच्यावरच सगळ्यात जास्त चिडलेली होते.

चित्रातल्या बायांना पदर काही मी दिला नाही. कुऱ्हाडीवरून आणखी दोन बैठका झाल्या. हाडांच्या बाई तिसऱ्या बैठकीला स्वतः आल्या, हाडांची पेटी टेबलावर ठेवली आणि साहेबांना म्हणाल्या, "तुम्हीच अंगठा घालून पाहा." साहेबांनी हात मागे घेतला. शेवटी तोडगा साहेबांनीच काढला. बाईला पाठमोरी करा, म्हणजे कुणाचाच प्रश्न नाही. मी थकले होते. उरलेल्या भिंतीचं काम अडलं होतं. मी तिला पाठमोरी केली. त्याबद्दल मला अजूनही स्वतःचा संताप येतो.

म्हणून आता त्या दालनात तिच्या हाडांच्या काचेच्या पेटीखाली बारीक अक्षरात 'स्त्री, सोबत लोखंडी कुऱ्हाड' असं लिहिलेलं आहे. तेवढ्यासाठी हाडांच्या बाई अडून बसल्या होत्या. समोर भिंतीवर एक रुंद पाठ लाकूड फोडते आहे. पेटीखालचं कोणी वाचत नाही. उद्घाटनाच्या दिवशीच माहिती देणारा मुलांना सांगत होता, "हा त्यांचा सरदार."

दिवाळीनंतर आईबाबांना दालन दाखवायला नेलं. बाबा लोखंडी अवजारांपाशी रमले. आई चित्रापुढे उभी राहिली, बराच वेळ. मागाच्या अगदी जवळ गेली. मला वाटलं, आता तरी बोलेल.

"ताणा ढिला काढला तू," ती म्हणाली.

"काय?"

"हे उभे धागे. असे लोंबते ठेवले तर कापड झोल खाते. हिचा धोटा पार जाणारच नाही."

"आई, एवढ्या चित्रात तुला हेच दिसलं?"

"चुकलं ते सांगून राहिली. नीट कर," ती म्हणाली, आणि बसायला बाक कुठे आहे ते पाहू लागली.

मी साहेबांना अर्ज दिला. तांत्रिक दुरुस्ती, माग. मंजुरी लगेच आली. शिडी लावून मी धागे ताणून घेतले. कुऱ्हाडवाली पाठमोरीच राहिली, तिला पुन्हा समोर वळवण्यासाठीचा माझा अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर आहे.