विसाव्या वर्षाचे सहा पॉइंट

यज्ञेश्वर खिरवडकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या उजव्या पायाने रायपूर शहर बंद पाडलं होतं. यात अतिशयोक्ती फार थोडी आहे. जून २००० मधली दुपार होती. आम्ही तात्यापाऱ्यात भाड्याचं घर घेतलं होतं आणि सामानाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी अडकला होता. पुढे दोन सायकल रिक्षा, त्यापुढे बर्फाची गाडी, त्यापुढे तीन गायी, आणि सगळ्यांच्या पुढे, गल्लीच्या ऐन मध्यावर, एका लाकडी खुर्चीत एक गृहस्थ. त्यांचा उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला होता आणि तो रेल्वेच्या फाटकासारखा आडवा, समोरच्या स्टुलावर ठेवलेला होता. मांडीवर ड्रॉइंग बोर्ड, हातात होकायंत्र. ते गल्लीचा नकाशा काढत होते. मागची रांग म्हणे उरल्याच्या कारखान्यांपर्यंत गेली होती आणि तिथले लोखंडाचे ट्रकवाले शिफ्ट सोडून कोण मेलं ते विचारत होते. बर्फाच्या गाडीतला बर्फ निम्मा वितळला होता. गायींनी मात्र रवंथ सुरू केला होता; त्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, जुन्या होत्या, त्यांना हे नवीन नव्हतं.

मी खाली उतरून म्हणालो, "जरा पाय घ्याल का?"

त्यांनी होकायंत्रावरून नजर न उचलता विचारलं, "तुमच्या नव्या घराचं दार कोणत्या दिशेले आहे?"

"माहीत नाही."

"पूर्व-आग्नेय. दिशा न पाहता सामान घेऊन आले," असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलला, फाटक उघडलं आणि शहर पुन्हा सुरू झालं.

खिरवडकर मूळचे विदर्भाकडचे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क. सोमवार ते शनिवार ते आंब्याच्या पेट्या आणि सायकली मोजत. रविवारी मात्र ते हवालदार असत. एका राखीव पलटणीत त्यांनी डिसेंबर १९८० मध्ये नाव घातलं होतं. नोकरी सांभाळून रविवारी परेड करायची, वर्षातून एकदा पंधरा दिवसांच्या शिबिराला जायचं, आणि देशावर वेळ आली तर हजर व्हायचं, अशी ती पलटण. देशावर वेळा आल्या, पण खिरवडकरांना बोलावण्याइतकी वाईट एकही आली नाही. पलटणीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही आणि तिच्याकडे बंदुका आहेत.

पलटणीचा हिशेब सोपा होता. वर्षाला परेड पस्तीसच; एका परेडचा एक पॉइंट, शिबिराच्या एका दिवसाचा एक. वर्षाला पन्नास पॉइंट झाले तर ते वर्ष धरलं जायचं. अशी वीस वर्षं झाली की माणूस निवृत्त हवालदार. साठाव्या वर्षापासून पेन्शन, फौजी कॅन्टीनचं कार्ड, आणि पंधरा ऑगस्टला मैदानात दोरीच्या आत खुर्ची. एकोणीस झाली तर काही नाही. अर्धी पेन्शन नाही, स्टुलसुद्धा नाही. पन्नाशी उलटल्यावर नवं वर्ष धरत नसत, आणि खिरवडकर जानेवारी २००१ मध्ये पन्नास पूर्ण करणार होते. एकोणीस वर्षं जमा होती. विसावं नोव्हेंबर २००० अखेर संपणार होतं. म्हणजे हे लागलं तर लागलं, नाहीतर वीस वर्षांचे रविवार वाया.

आणि याच वर्षी गुडघा गेला. जानेवारीत ते अभनपूरच्या बाजारात तांदूळ पाहायला गेले आणि एका टोमॅटोवर पाय पडला. एकोणीस शिबिरांत ज्या गुडघ्याला काही झालं नाही, तो एका टोमॅटोने घेतला. पंधरा दिवसांचं शिबिर बुडालं आणि तीन परेड बुडाल्या. पुढल्या परेडला ते कुबडी घेऊन जात, सावलीत बसून हजेरी लावत; पण गेलेले अठरा पॉइंट परत येणार कुठून?

पलटणीच्या एका जुन्या परिपत्रकात उपाय सापडला. आजारी माणसाने पोस्टाने अभ्यासक्रम करावेत. पुस्तिका जबलपूरच्या केंद्रातून यायच्या, उत्तरं स्वतःच्या हाताने लिहून पाठवायची, पास झालात तर एका अभ्यासक्रमाचे सहा पॉइंट. तीन सक अठरा. खिरवडकरांनी तीन निवडले: नकाशावाचन, दोर व गाठी, आणि छावणीतील स्वच्छता.

आता खिरवडकरांचं आणि पुस्तकाचं कधी जमलं नव्हतं. हे रमावहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, लग्नापासून माहीत होतं. म्हणून वहिनी पुस्तिका वाचायच्या आणि संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता ह्यांना शिकवायच्या. तीन महिन्यांत वहिनींच्या हातून नदीवर दोरीचा पूल झाला असता. त्यांच्या घरी कपडे वाळत घालायची दोरी अशी बांधलेली होती की तिच्यावरून तोफ ओढता आली असती. फक्त ती सुटत नसे. दिवाळीच्या साफसफाईत शेवटी कापली.

मी एकदा जेवायच्या वेळी त्यांच्याकडे गेलो होतो. स्वच्छतेचा चौथा धडा चालू होता.

"दोनशे जवानांच्या छावणीत शौचाचे चर स्वयंपाकघरापासून किती दूर?" वहिनींनी तव्यावरची पोळी उलटत विचारलं.

"पन्नास पावलं," खिरवडकर म्हणाले.

"पन्नास पावलांवर चर खणाल तर दोनशेच्या दोनशे झोपतील. शंभर मीटर. आणि वारा कुठून कुठे पाहिजे?"

"इकडून तिकडे."

"स्वयंपाकघराकडून चराकडे. लिहा. माशांचं काय करायचं, तेही लिहा."

त्यांची मुलगी स्वरदा कॉलेजात होती. तिला मराठी सगळं समजायचं आणि ती उत्तर हिंदीत द्यायची. ती ताट घेऊन उठली. "मम्मी, हम लोग खाना खा रहे हैं."

"तर खा ना. तुझ्या वरणावर माशी आहे काय?"

"अब तो दिख रही है," स्वरदा म्हणाली आणि ताट घेऊन अंगणात गेली.

पहिले दोन अभ्यासक्रम ऑक्टोबरपर्यंत पास झाले. बारा पॉइंट आले. राहिले सहा.

मग एक नोव्हेंबर उजाडला, मध्यप्रदेशातून छत्तीसगढ वेगळं निघालं आणि रायपूर त्याची राजधानी झालं. त्या दिवसांत आमच्या शहरातला प्रत्येक माणूस दोन इंच वाढला होता. काल जिथे औषधाच्या बाटल्या मिळायच्या त्या इमारतीत आज मंत्रालय बसलं होतं. कोथिंबीरवाली जुडी लहान करून म्हणायची, भैया, अब राजधानी हे. खिरवडकर तर तीन इंच वाढले. त्यांनी एक रबरी शिक्का करून घेतला: 'हवालदार य. खिरवडकर, तात्यापारा, रायपूर (राजधानी), छत्तीसगढ'. तो त्यांनी घरातल्या सगळ्या वह्यांवर, स्वरदाच्या लायब्ररीच्या पुस्तकावर आणि मी वाचायला दिलेल्या मासिकावर मारला. आणि चौदा नोव्हेंबरला छावणीतील स्वच्छतेची उत्तरपत्रिका पाठवताना, छापील पत्त्यातल्या 'मध्यप्रदेश' या शब्दावर लाल पेनाने पट्टीने रेघ मारून शेजारी तो शिक्का उठवला. लिफाफ्यावर दोनदा.

वहिनी म्हणाल्या होत्या, "जुनाच पत्ता राहू द्या. त्यांच्याकडे तोच असेल."

"आता आपण त्या राज्यात नाही. फौजेत खोटा पत्ता चालत नाही."

नोव्हेंबर संपत आला. निकाल नाही. खिरवडकरांनी स्मरणपत्र पाठवलं, शिक्का मारून. डिसेंबरात चार, जानेवारीत चार, फेब्रुवारीत दोन. एकूण अकरा, दर वेळी शिक्का अधिक ठसठशीत. जबलपूरहून उत्तर आलं नाही. त्यांची पन्नाशी झाली. त्या दिवशी वहिनींनी पुरणाच्या पोळ्या केल्या आणि ते एक खाऊन उठले. नोव्हेंबरात संपलेल्या वर्षाचं रजिस्टर एकतीस मार्चला बंद होतं हे त्यांनी मला त्या आठवड्यात पाच वेळा सांगितलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते आणि वहिनी जबलपूरला निघाले. माझी सासुरवाडी तिथली, म्हणून मीही गेलो. बिलासपूर, कटनी असा भलामोठा फेरा. खिरवडकरांनी गणवेश घातला होता आणि गुडघ्यामुळे ते रात्रभर पाय समोरच्या बाकावर ठेवून बसले होते. त्या बाकाचं रिझर्वेशन माझं होतं.

केंद्रातले बाबू श्रीपाद नावाचे होते. जबलपूरचेच मराठी, किरकोळ बांध्याचे, कान मोठे. त्यांनी नाव ऐकलं आणि चष्मा काढून खिरवडकरांकडे नीट पाहिलं.

"शिक्केवाले तुम्हीच का?"

"हव, मीच. माझे पेपर कुठे आहेत?"

श्रीपादबाबूंनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे लाकडी खणांची मोठी मांडणी होती. प्रत्येक खणावर एकेका राज्याची पट्टी. मध्यप्रदेश होता, उत्तरप्रदेश होता, बिहारसुद्धा होता. "यात छत्तीसगढचा खण आहे का, बघा."

खिरवडकरांनी सगळ्या पट्ट्या वाचल्या. दोनदा वाचल्या. "नाही."

"खण नाही म्हणून रजिस्टर नाही. वरून ऑर्डर यायची आहे. तोपर्यंत छत्तीसगढ लिहिलेला प्रत्येक कागद कपाटात." त्यांनी खालचं एक लोखंडी कपाट उघडलं. आत उत्तरपत्रिकेचा लिफाफा होता, न फोडलेला, आणि त्यावर अकरा स्मरणपत्रं आलेल्या क्रमाने रचून ठेवलेली. कपाटात दुसरं काहीच नव्हतं. बाकीच्या सगळ्या छत्तीसगढवाल्यांनी जुनाच पत्ता लिहिला होता.

"एक पत्र तरी फोडायचं," वहिनी म्हणाल्या.

"कसं फोडणार, ताई? फोडलं की नोंद करावी लागते. नोंद कुठे करू?"

खिरवडकर बाकावर बसले. गणवेश खांद्यांत एकदम मोठा दिसायला लागला. "वीस वर्षं रविवारी सकाळी झोपलो नाही मी," ते म्हणाले. ते कोणाला उद्देशून नव्हतं.

श्रीपादबाबूंनी लिफाफ्यावरचा पोस्टाचा शिक्का उजेडात धरून पाहिला. "चौदा नोव्हेंबर. मुदतीच्या आतला आहे. तुमचा शिक्का खोडा आणि मध्यप्रदेश लिहा. आजच खणात टाकतो, आठ दिवसांत तपासून येईल."

"पण आम्ही तिथे राहत नाही."

"तुम्ही पेपर लिहिला तेव्हा केंद्राच्या दृष्टीने राहत होता."

"मी पूर्ण पाऱ्याले शिक्का दाखवला आहे."

वहिनींनी पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्यांच्या पुढ्यात धरलं. "पारा आला आहे काय इथे? मध्यप्रदेशात राहायले तुम्हांला काय पोट दुखत होतं इतकी वर्षं? लिहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खणांच्या पट्ट्या वाचत होतो. मग त्यांनी पट्टी मागितली, आपल्याच दोन्ही शिक्क्यांवर सरळ रेघा मारल्या आणि मध्यप्रदेश लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

श्रीपादबाबूंनी लिफाफा फोडून पानं चाळली. "उत्तरं तुमचीच ना? चर स्वयंपाकघरापासून किती दूर?"

खिरवडकरांनी तोंड उघडलं. ते पन्नास म्हणणार हे मला दिसत होतं.

"शंभर मीटर," बाकावरून वहिनी म्हणाल्या, "आणि वारा चराकडे जाणारा पाहिजे."

"ताई, तुम्ही कोणत्या पलटणीत?"

"यांच्या."

श्रीपादबाबूंनी लिफाफा मध्यप्रदेशच्या खणात टाकला आणि चहा मागवला.

निकाल पंधरा मार्चला आला. शंभरात एकाहत्तर. सहा पॉइंट, एकूण बरोबर पन्नास, विसावं वर्ष मंजूर. खिरवडकरांनी पेढे वाटले. माझ्या वाट्याला दोन आले, एक रिझर्वेशनचा. एप्रिलमध्ये छत्तीसगढचं रजिस्टर उघडलं आणि रायपूरच्या सगळ्या जवानांची नावं त्यात गेली. ज्याने आपल्या हाताने, दोन साक्षीदारांसमोर, छत्तीसगढ खोडून मध्यप्रदेश लिहिलं होतं, त्याचं नाव अर्थातच गेलं नाही. खिरवडकरांनी बदलीचा अर्ज केला, पुन्हा केला. शेवटी वहिनी म्हणाल्या की आता पुरे.

पेन्शन २०११ पासून येते. कॅन्टीनचं कार्ड जबलपूरच्या कॅन्टीनचं निघालं. पंधरा ऑगस्टच्या खुर्चीचा पासही जबलपूरहूनच येतो, आणि रायपूरच्या मैदानात तो चालत नाही.