मोटारीला लावलेलं कुंकू
परवा सुनेच्या मिक्सरचा जळका वास आला अन् मला निजामाच्या राज्यातली नांदेडची कपाशीतली सरकी काढायची जिनिंग आठवली. नवरा मेला तव्हा मी तिथं कपाशीच्या पाट्या उचलायला लागले. खंडेनवमीला बायांनी तिथल्या विजेच्या मोटारीचं झाकण काढून आतपर्यंत तेल, हळदकुंकू लावलं. मी रांडमुंड, दाराशीच थांबले. पूजा झाल्यावर मुकादमानं खटका दाबला, तर मोटार फिरंना, नुसता जळका वास आला. "हिची सावली पडली, दुसरं काय!" एक बाई बोलली. मुकादम मला म्हणला, "उद्यापासून येऊ नको." घरी लेकरं माझ्याच मजुरीवर जगत होती. मोटार सांभाळणाऱ्या मुसलमान मिस्त्रीनं झाकण परत उघडलं. "मुकादमसाब, ह्या कोळशाच्या कांड्या ह्या तांब्याच्या कड्याला घासतात, तिथून करंट तारेच्या गुंडाळीत जातो. गुंडाळी चुंबक बनती, बाहेरचं चुंबक तिला ढकलतं. दर अर्ध्या फेऱ्याला हे कडं करंट उलटा करतं, म्हणून ती फिरतच ऱ्हाती. अन् तुम्ही त्या कड्यावरच कुंकू थापलं, मग करंट जाणार कसा! ही बाई तर दाराशी हाय." त्यानं फडक्यानं कडं पुसलं, मोटार घुमली. मुकादम खाली बघून म्हणला, "चला, कपाशी टाका." सावलीचं बोलली होती तीच बाई माझ्या डोक्यावर पाटी चढवू लागली. मला बरंबी वाटलं न्हाई, वाईटबी न्हाई. आज सांगतानाबी काय वाटत न्हाई.